भांडायला माणूस पाहिजे

आईला अकोल्याहून अमरावतीला हलवलं, तेव्हा नातेवाइकांना सगळ्यात जड गेलं ते तिथे सलाईन नसणं. माझे एक काका फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होते.

"सलाईन नाई?"

"नाही, काका."

"ऑपरेशन?"

"नाही."

"मंग तो कायचा दवाखाना व?"

मी त्यांना समजावलं, की ज्यांच्या आजारावर आता उपचार उरलेला नाही, त्यांना इथे ठेवतात. दुखू देत नाहीत, स्वच्छ ठेवतात, घरच्या माणसाला सोबत राहू देतात. काकांनी थोडा विचार केला. "म्हणजे घरच झालं," ते म्हणाले, "फक्त कूलर चांगला असन."

कूलर खरोखरच चांगला होता. मे महिना होता, आणि गावाबाहेरच्या त्या बैठ्या इमारतीत प्रत्येक खोलीच्या खिडकीला एकेक मोठा कूलर बसवलेला होता. त्याच्या वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास आईला आवडायचा. सकाळी मी टाकीत पाणी भरायची, आणि नळीचं तोंड नीट आत गेलं की नाही हे आई पलंगावरून आवाजावरून ओळखायची. "बाहेर सांडून राह्यलं," ती म्हणायची, आणि ते सांडतच असायचं.

आईला अन्ननलिकेचा कॅन्सर होता. घास उतरत नव्हता. पातळ तेवढं जायचं, तेही थोडं. इथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी तिच्यापाशी बसून सगळं सरळ सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं. सुया टोचणं तं बंद होईन." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिले मात्र हळू सांगा. हे पुस्तकवाली हाय."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. रजा टाकून आईजवळ राहत होते. घरात आम्ही दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तिथे दिवस लहान लहान गोष्टींनी भरायचे. कडुनिंबाखालचा सकाळचा चहा. आईच्या केसांना तेल लावणं. संध्याकाळी मी फाटकाबाहेरच्या गाडीवर जाऊन दही-चटणी घातलेला गिलावडा खायची. आईला खाता येत नाही आणि आपण खातो, याची लाज वाटून मी तोंड धुऊन खोलीत यायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी आई म्हणाली, "तोंड धुतलं तरी चटणीचा वास येते. उद्यापासून अठीच आणून खा. अन् सांग मले, दही आंबट हाय का गोड." तेव्हापासून मी तिच्यासमोर बसून खायची आणि ती मला प्रश्न विचारायची. माझी उत्तरं तिला पटायची नाहीत. "आंबट म्हणजे कसं आंबट? नुसतं आंबट काय म्हणते? एवढी शिकली तू."

म्हणजे तशी ती मजेत होती. तिला त्रास होता तो वेगळाच. लोक तिच्याशी गोड बोलायला लागले होते.

आमच्याकडे गोड बोलायची पद्धत नाही. वऱ्हाडात माणसावर जीव असला की त्याला बोल लावायचे असतात. घरी आलेल्याला "या, बसा" म्हणण्याआधी "काय चेहरा करून घेतला रे, मेल्यासारखा" असं म्हटलं, की तो समजून जातो, हे आपलं घर. आईचं सगळं आयुष्य अशा बोलण्यात गेलं. आणि आता जो तो तिच्या पलंगापाशी येऊन हळू आवाजात "कशा आहात?" म्हणत होता. अकोल्याची आमची शेजारीण, जिने कचऱ्याच्या बादलीवरून आईशी कित्येक वर्षं वैर चालवलं होतं, तीही येऊन "तुमच्यासारखी बाई होणार नाही" म्हणाली. ती गेल्यावर आई माझ्याकडे वळली. "इनं काहून असं म्हणावं?" ती म्हणाली. "मी तिचं काय वाकडं केलं होतं?"

पण शेजारणीचं गोड बोलणं आईने पचवलं असतं. मावशीचं पचलं नाही.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. अकोल्यात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. ती आईला "बाई" म्हणते. या दोघी रोज भेटायच्या आणि रोज भांडायच्या, आणि वर्षातलं मोठं भांडण उन्हाळ्यात व्हायचं, कुरडयांवरून. कुरडया मावशीच्या गच्चीवर दोघी मिळून करायच्या. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, आणि खाली बसलेला पांढरा चीक उकळत्या पाण्यात शिजवायचा. तो काचेसारखा झाला, की सोऱ्यातून गरम गरम पाडायच्या. आईचं म्हणणं, गहू तीन दिवस भिजले पाहिजेत. मावशीचं म्हणणं, अकोल्याच्या उन्हात दोन दिवस बम झाले, म्हणजे भरपूर झाले, तिसऱ्या दिवशी ते गहू राहत नाहीत, दारू होते. दोघींच्या कुरडया वेगवेगळ्या डब्यांत जायच्या. तळल्यावर मला आजवर त्यांतला फरक कळलेला नाही, पण हे मी कधी बोलले नाही. ग्रंथालयात माणसाला गप्प राहायची सवय लागते.

मावशी पहिल्यांदा एसटीने भेटायला आली ती दारातूनच डोळ्यांना पदर लावून. सरळ येऊन तिने आईच्या पायांवर डोकं ठेवलं. आईने पाय वर ओढून घेतले.

"पाया कायले पडून राह्यली? मी काय आत्ताच फोटोत गेली?"

"नाई व बाई," मावशी मऊ आवाजात म्हणाली. "तू मोठी हाय ना."

आईने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग तिने, मला वाटतं तपासून पाहायला, एक खडा टाकला. "गेल्या साली तुह्या कुरडया काळ्या पडल्या होत्या."

एरवी या एका वाक्यावर मावशी दिवेलागणीपर्यंत बोलली असती. मी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवून ठेवला.

"हाव बाई, पडल्या होत्या," मावशी म्हणाली. "तुह्या कशा पांढऱ्याफेक होत्या. तुह्यासारखं कोणाले जमते?"

आईचा चेहरा उतरला. मावशी दुपारच्या गाडीने परत गेली. मग आई मला जवळ बोलावून म्हणाली, "खरं सांग. डॉक्टरनं तुले कमी सांगतलं अन् तिले जास्त सांगतलं का?"

"आई, मावशी डॉक्टरांना भेटलीसुद्धा नाही."

"मंग ते अशी काहून बोलून राह्यली? माह्यं मन घाबरून राह्यलं."

मावशी आणखी दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा तितकीच गोड. डॉक्टरबाई रोज सकाळी यायच्या. दुखतं का, झोप लागते का, असं विचारायच्या. एके दिवशी सगळी उत्तरं बरी आल्यावर त्यांनी विचारलं, "मग आजी, आज चेहरा असा का?"

"बहीण भांडत नाई," आई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "यावर आमच्याकडे गोळी नाही, आजी," त्या म्हणाल्या.

"गोळी नसन, पण लिहून तं ठेवा. बिमारी हाय ते."

त्या दुपारी मी ठरवलं, की आपणच भांडून पाहावं. मी भांडकुदळ नाही, त्यामुळे आधी मनात जुळवाजुळव करावी लागली. जुनी तक्रार निवडली. बारावीच्या वर्षी आईने माझ्या कादंबऱ्या रद्दीत घातल्या होत्या. मी खुर्ची पुढे ओढून घेतली.

"आई, तू माझी पुस्तकं रद्दीत घातली होतीस."

आईचे डोळे एकदम चमकले. "हाव, घातली. मंग?"

"मला न विचारता घातलीस."

"तुले इचारलं असतं तं तू नाई म्हटलं असतं. परीक्षा कोण देणार होतं? रद्दीवाला?"

"पण त्यांतली काही ग्रंथालयाची होती. मला दंड भरावा लागला."

"मंग भरला ना? आता काय म्हणणं हाय?"

मी विचार केला. "आता काही नाही. म्हणजे, एका अर्थी तुझंही बरोबरच होतं."

आईने डोळे मिटले. "एका अर्थी," ती म्हणाली. "बाई, भांडणात समोरच्याचं बरोबर नसते. हे साधं तुले कोणी शिकवलं नाई? तू जा, वाच काही."

मग रविवारी आईपाशी समोरच्या खोलीत सोबतीला असलेल्या एका बाईंना बसवून मी अकोल्याला गेले. मावशी स्वयंपाकघरात बटाट्याच्या फोडी करत होती. मी सगळं सांगितलं: गोड बोलण्याने आई खचली आहे, तू आलीस की तिला वाटतं आपण उद्याच जाणार, तू येऊन नेहमीसारखं भांड. मावशीने सुरी खाली ठेवली.

"बह्याड झाली का तू? मरून राह्यलेल्या माणसाशी भांडू? लोकं शेण घालतीन तोंडात."

"लोक तिथे नसतात, मावशी. मी असते फक्त."

"अन् मी काही बोलली," ती म्हणाली, "अन् तेच शेवटचं झालं तं?"

मावशीने पदराने डोळे पुसले, बटाट्याचं पाणी बदललं. या वर्षी तिच्या गच्चीवर काहीच वाळत घातलेलं दिसत नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाली, गहू भिजवलेच नाहीत. एकटीने काय करायच्या.

"चीक आईला उतरेल," मी म्हणाले. "पातळ ठेवला तर."

हे मी आईच्या पोटाचा विचार करून म्हणाले होते, दुसरा काही बेत मनात नव्हता. पण मावशी उठली, डब्यातून गहू काढले आणि तिथल्या तिथे निवडायला बसली. "चीक आणते," ती म्हणाली. "पण भांडणार नाई. सांगून ठेवते."

ती आली ती बसलेला चीक झाकणाच्या डब्यात घेऊन, एसटीत मूर्तिजापूरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून तो सगळा वेळ मांडीवर धरून. कंडक्टरने म्हणे तिला डबा वर ठेवायला सांगितलं, तेव्हा ती त्याला म्हणाली, "तुह्या मायले वर ठेवतो का?" हे मला सांगताना तिच्या आवाजात जुनी धार होती. खोलीत शिरताच ती धार गेली.

"बाई, तुह्यासाठी चीक आणला. तू सांगशीन तसा शिजवते."

"किती दिवस भिजवला?" आईने विचारलं.

"तीन," मावशी म्हणाली. "तू म्हणते तसा."

आई माझ्याकडे वळली. "पाह्यलं?" ती हळूच म्हणाली, जसं काही पुरावाच सापडला.

नातेवाइकांसाठी तिथे एक छोटं स्वयंपाकघर आहे, दोन शेगड्यांचं. आई म्हणाली, मलाही तिथे न्या. चाकाच्या खुर्चीत बसवून, पाठीला उशी लावून तिला दाराशी नेलं. बाजूच्या खोलीतले दर्यापूरकडचे एक आजोबाही काठी टेकत आले. त्यांची बायको तिथे पेशंट होती आणि ती दुपारी झोपलेली असायची, म्हणून त्यांना करमत नसे.

मावशीने पातेल्यात पाणी उकळलं, मीठ-हिंग टाकलं, चीक ओतला आणि पळी हातात घेतली.

"हलवू नको," आई म्हणाली.

मावशी थांबली. "काय?"

"हलवू नको. झाकण ठेव. आपोआप होते."

चीक न हलवता शिजत नाही हे मला माहीत होतं, म्हणजे जिने कधी कुरडई केली नाही तिलाही एवढं माहीत आहे, तर काय ते समजा. चीक क्षणभर सोडला की त्याचे गोळे होतात आणि खाली लागतो. मावशीने पळीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग तिने पळी खाली ठेवली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

"तू म्हणशीन तसं, बाई," ती म्हणाली.

आई सरळ समोर बघत होती. मला तिचा डाव तेव्हा कळला, आणि वाटलं, चीक फुकट जाणार. झाकणाखाली बुडबुड आवाज यायला लागला. दर्यापूरचे आजोबा म्हणाले, "वहिनी, लागून राह्यलं वाटते." वास आला. आधी हलका, मग चांगलाच करपट. मावशी शेगडीसमोर उभी, हात पदरात घट्ट गुंडाळलेले, ओठ दाबलेले. शिक्षा झाल्यासारखी.

"गॅस मोठा कर," आई म्हणाली.

आणि मावशीचा बांध फुटला.

"अवं, तुही अक्कल काय चरायले गेली का?" तिने झाकण काढून ओट्यावर आदळलं. "चीक न हलवता कोणी शिजवला कधी? कोणाच्या मायनं? अन् मोठा कर म्हणते! दोन दिवसाचा इतका गोड चीक, त्याचा पार—"

"दोन दिवसाचा?" आई म्हणाली.

मावशीने पळी उचलली.

"तीन दिवसाचा म्हणत होती ना व तू?"

"दोन दिवसाचा हाय! दोनच दिवसाचा! अन् दोनच दिवस लागतात!" मावशी आता पळीने पातेलं खरडत होती आणि प्रत्येक शब्दाला पातेलं वाजत होतं. "जन्मभर तीन दिवस तीन दिवस करून माह्यं डोकं खाल्लं! तुह्या कुरडया तळल्या का आंबट लागतात, हे तुह्या तोंडावर कोणी सांगत नाई, सारे भेतात तुले! माह्या लग्नातही तुनंच—"

"लग्नाचं नको काढू!"

"काढीन! बम काढीन!"

आई खुर्चीत ताठ बसली होती. इतक्या दिवसांत मी तिला अशी बसलेली पाहिली नव्हती. तिने एक हात वर केला आणि बोलायला सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण मजकूर सगळा होता: काळ्या कुरडया, परत न केलेलं पुरणयंत्र, सासरच्यांसमोर खाली घालायला लावलेली मान. मावशी ऐकत नव्हती, तीही बोलत होती. दर्यापूरचे आजोबा मध्येच म्हणाले, "तसे दोन दिवस बरोबर हाय पाहा," आणि दोघी एकदम त्यांच्याकडे वळल्या. ते काठी घेऊन निघून गेले. नर्स धावत आली. मी तिला दारातच थांबवून सांगितलं, की काही नाही, पेशंटला बरं वाटतंय.

मग मावशीने वरचा, न लागलेला चीक वाटीत काढला, पाणी घालून पातळ केला, वर कच्च्या तेलाचा थेंब सोडला. आईने चमच्याने थोडा घेतला. तो उतरला. आणखी थोडा घेतला.

"गोळे झाले," आई म्हणाली.

"तुह्याच्यानंच झाले," मावशी म्हणाली, आणि पुढचा चमचा भरला.

त्यानंतर मावशी वारंवार येऊ लागली, कधी कधी मुक्कामालाही राहिली. येताना भांडणाचा विषय घेऊनच यायची. आई सकाळपासून तयार असायची, माझ्याकडून केस विंचरून घ्यायची. डॉक्टरबाईंना विचारल्यावर म्हणायची, "आता बरं हाय. सुरू झालं." मी शेजारी पुस्तक घेऊन बसायची. पान उलटायला विसरायची.

पुढे आईचं बोलणं कमी होत गेलं. आधी ती पूर्ण वाक्यात भांडायची, मग दोन शब्दांत, मग नुसतं "हट". त्या एका "हट"मध्येही मावशीला सगळं कळायचं आणि ती तेवढ्यावर तासभर उत्तर द्यायची. शेवटी "हट"ही राहिलं नाही. आई झोपेतच असायची. श्वास संथ चालायचा.

आई गेली, त्याच्या आदल्या दुपारी मावशी आली. पलंगापाशी बसली, आईचा हात हातात घेतला. मला वाटलं, आता ती गोड बोलणार. आणि या वेळी मी तिला अडवणार नव्हते.

"माह्या लग्नात तुनं नेसलेलं लुगडं हिरवं होतं," मावशी म्हणाली.

मावशीने थोडी वाट पाहिली. मग तिने आवाज बदलला, जरा खर्जात घेतला, आणि आईच्या वतीने म्हणाली, "जांभळं होतं. तुले काय दिसत होतं तवा? घुंगट होता तुह्या डोक्यावर."

"घुंगटातून बम दिसते," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली. "हिरवं होतं. फोटो हाय."

"फोटो काळापांढरा हाय," आईच्या आवाजात.

"तरी कळते हिरवं."

"कोणाले कळते? तुले? दोन दिवसाच्या चिकाची कुरडई करणारीले?"

हे बराच वेळ चाललं. मी पुस्तक मिटून ठेवलं. मावशी आईच्या बाजूने बोलताना स्वतःपेक्षा जास्त तिखट बोलत होती, आणि मुद्देही तिच्याच बाजूने जास्त चांगले काढत होती. लुगडं कुणी घेतलं, कुठल्या दुकानातून, माझ्या बाबांनी रंगाबद्दल काय म्हटलं होतं, हे सगळं आईच्या आवाजात येत होतं. स्वतःच्या आवाजात नुसतं "हिरवं, हिरवं". एकदा तर उत्तर न सुचून ती अडकली आणि आईच्या आवाजात स्वतःलाच म्हणाली, "बोल ना आता. काहून गप्प बसली?"

शेवटी मावशीने मान खाली घातली. "बरं बाई," ती म्हणाली. "जांभळं तं जांभळं."

मग ती माझ्याकडे वळली. डोळे भरलेले होते, पण ती खरंच चिडलेली होती.

"पाह्य," ती म्हणाली. "पडल्या पडल्या जिंकली."